टेकाडावरच्या विहिरी

माझी धाकटी बहीण वयानं माझ्यापेक्षा लहान आणि बाकी सगळ्यात माझ्या पुढं. हे आजचं नाही, कन्हेरीला माहेरी होतो तेव्हापासूनचं आहे. कापड घ्यायचं माझ्या मापाचं आणि रंग निवडायचा तिनं. मी नापास झाले की पोरगी ढ, ती नापास झाली की मास्तर नीट शिकवत नाही. लग्नाच्या वेळी तर कहरच झाला. एकाच उन्हाळ्यात दोन स्थळं आली, एक लोणी भापकरच्या पलीकडच्या वस्तीवरचं आणि एक निरवांगीचं. लोणीचं जरा आधी आलं. मी थोरली, म्हणून आधी आलेलं स्थळ मला आणि मागून आलेलं तिला. एवढ्याशा फरकानं मी जिरायतीत पडले आणि ती नीरेच्या काठच्या मळ्यात.

आमच्याकडं उन्हाळ्यात विहिरीत वाकून बघितलं की आधी खडक दिसतो, मग पाणी. आहे त्या पाण्यावर ठिबक टाकून आम्ही वांगी, टोमॅटो, घेवडा काढतो, आणि चांगला काढतो. तिच्याकडं ऊस, डाळिंब, ढोबळी मिरची. ती फोनवर म्हणायची, "आक्का, औंदा पाणी लई झालंय गं, रान वाळून वाफशावरच येईना." लई झालंय म्हणे! मी फोन कानापासून लांब धरायचे आणि आमच्या मालकांकडं अशी बघायचे, जशी काही नीरा नदी त्यांनीच तिकडं वळवली.

मी जळते तिच्यावर. बाकीच्या बाया असलं मनात ठेवतात. मी ठेवत नाही, माझ्या मनात तेवढी जागाच नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा नवरा गेला. बारामतीला दवाखान्यात नेला, तो परत मळ्यात आला नाही. भला माणूस होता. मला आक्का म्हणायचा, दिवाळीला आठवणीनं ढोबळीचं क्रेट पाठवायचा. मी ऊर फुटेस्तोवर रडले, त्यात खोटं काही नाही. रडता रडता मला वाटलं, चला, आता आपलं जळणं तरी संपलं. विधवा बहिणीवर कोण जळतं?

पण वर्ष सरलं नाही तोवर माझं पोट पुन्हा दुखायला लागलं. बाई रडत बसली नाही. ट्रॅक्टर चालवायला शिकली. बचत गटाची अध्यक्ष झाली. एकुलत्या लेकीला बारामतीला होस्टेलला ठेवलं, पाहिजे तेवढं शिक म्हणाली. कन्हेरीला गेलं की आईच्या तोंडी एकच, "एकटीनं कसं निभावतंय बघ माझं लेकरू!" मी नवऱ्यासकट निभावते ते काय सोपं आहे? पण ते कुणी बोलत नाही.

आता मुद्द्यावर येते. टाळेबंदीत बाजार बंद पडले तेव्हा आमच्या वस्तीवरच्या बायकांनी पिकलेले टोमॅटो बांधावर ओतले. घेवडा शेळ्यांना घातला, नंतर नंतर शेळ्यापण त्याला तोंड लावीनात. तोडलेला माल थोडे दिवस थंड राहील अशी एक खोली असती तर सगळं वाया गेलं नसतं, ही गोष्ट त्या दिवसांत आमच्या डोक्यात पक्की बसली. त्यामुळं पुढं एक संस्था आली आणि म्हणाली की कोरोनानं बसलेली गावं नीट उभी राहावीत, पुन्हा तसं संकट आलं तर निदान माल सडू नये, म्हणून आम्ही भाजीसाठी सौरऊर्जेवर चालणारी शीतखोली बांधून देणार, तेव्हा मी कान टवकारले. खोली एकच होती. एक तर ती आमच्या वस्तीवरच्या गटांना मिळणार, नाहीतर निरवांगीच्या गटांना. म्हणजे मला, नाहीतर धाकटीला.

मी त्याच दिवशी मालकांना सांगितलं, "काय बी होऊ द्या, ही खोली मी तिला न्हेऊ देणार न्हाय."

मालक म्हणाले, "का? तुझ्या बापाची हाय का?"

"तिच्या बी बापाची न्हाय," असं मी ताडकन बोलले, आणि मग लक्षात आलं की बाप एकच. मालक दिवसभर हसत होते.

संस्थेच्या मॅडम पुण्याच्या. तरुण, शांत, समोर कोण का असेना, 'अहो जाहो' करणाऱ्या. त्यांनी सांगितलं की खोली कुठं बांधायची ते ओळखीपाळखीवर ठरणार नाही, नकाशा बघून ठरेल. आकाशातून उपग्रहानं काढलेला आपल्या रानाचा फोटो असतो, त्यावर आपल्या विहिरी, रस्ते, घरं आपणच टाकायची. त्यासाठी त्यांनी आमच्या मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलं. विहिरीपाशी उभं राहायचं, फोटो काढायचा, विचारलेली माहिती भरायची आणि बटण दाबायचं. बटण दाबलं की नकाशावर ठिपका पडतो. "तुम्ही जिथे उभ्या असाल, तिथेच ठिपका पडेल बरं का," हे त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. आम्ही पुन्हा पुन्हा माना डोलावल्या.

इथं आमच्या वस्तीचं एक सांगायला हवं. आमच्याकडं रेंज फक्त टेकाडावर येते, म्हसोबाचा दगड आहे तिथं. त्यामुळं फोनचं म्हणून जे काही काम, ते टेकाडावर जाऊन करायचं हा आमचा रिवाज. टाळेबंदीत पोरांची शाळा टेकाडावर भरली. गॅसचा नंबर टेकाडावरून लागतो. लेकीशी बोलायचं असलं की आई चप्पल घालून टेकाडावर निघते, आणि नवी सून रुसली की तीही टेकाडावरच जाते, माहेरी फोन लावायला. कुणी टेकाड चढताना दिसलं तर आम्ही 'कुठं चाललीस' विचारत नाही, 'कुणाला लावतीस' विचारतो.

तर बायका आपापल्या विहिरीपाशी गेल्या. फोटो काढले, माहिती भरली, बटण दाबलं. मोबाइलवर गोल गोल फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय, थांबायचं नाव नाही. मग दुसरं काय करणार? सगळ्याजणी टेकाडावर. तिथं रेंज आली, बटण दाबलं, टिंग वाजलं. झालं काम! आता फोटोत विहीर दिसतेय म्हटल्यावर ती कुठं आहे हे त्या मोबाइलला कळत असणारच, असं सगळ्या धरून चालल्या होत्या. कुणाच्या मनात शंका आली नाही, माझ्याही नाही. जाताना चुरमुरे नेले होते, कांदा-मिरची नेली होती, त्यामुळं भेळ झाली. गाणी झाली, सासवांच्या नकला झाल्या. वस्तीतली एकूण एक विहीर आम्ही त्या दुपारी म्हसोबाच्या पायाशी नेऊन ठेवली आणि हात झटकत खाली उतरलो.

बैठक बारामतीला एका हॉलमध्ये होती. धाकटी पुढच्या रांगेत, गळ्यात ओळखपत्र, हातात पेन. मी मागं, पंख्याचा वारा येत नाही तिथं. पडद्यावर आधी निरवांगीचा नकाशा लावला. काय सांगू! हिरव्या रानात निळे ठिपके असे जागच्या जागी बसलेले, की बघत राहावं. मग आमची वस्ती आली. फोटो ऐन उन्हाळ्यातला होता आणि त्यातही माझं वांग्याचं रान मला हिरवं दिसलं, मी ते बांधावरच्या लिंबावरून ओळखलं. पण त्यावर ठिपका नव्हता. कुणाच्याच रानावर नव्हता. सगळं मोकळं, आणि टेकाडावर तेवढा एक निळा ढीग.

मॅडम जरा गोंधळल्या, पण नीट बोलल्या. "इथे पाण्याच्या सगळ्या जागा एकाच ठिकाणी दिसतात. बाकीच्या क्षेत्रात विहीर नाही, म्हणजे बागायतही फारशी नसावी. आजच्या माहितीवरून तरी निरवांगीचं पारडं जड आहे."

मी उठलेच. "अहो, त्या टेकाडावर शेळीला प्यायला पाणी न्हाय!"

हॉल हसला. मॅडमनी विचारलं, मग बटण कुठं दाबलंत? आमच्यातली एक दुसरीला कोपर मारायला लागली. शेवटी माझी शेजारीण खाली बघत म्हणाली, "म्हसोबापाशी. रेंज तितंच येती." हॉल पुन्हा हसला, आणि या खेपेला धाकटीपण हसली. तोंडाला पदर लावून हसली, पण मी बघितलं. माझ्या जिवाची नुसती लाही लाही झाली.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "रेंज नसली तरी विहिरीपाशी ठिपका धरून ठेवता येतो, पाठवायचा तेवढा टेकाडावरून. हे मी सांगायला हवं होतं," असं म्हणाल्या, आणि पुढच्या बैठकीपर्यंत पुन्हा ठिपके टाकायची मुभा त्यांनी आम्हाला दिली. म्हणजे खोली अजून गेली नव्हती.

पण माझं डोकं भलतीकडंच अडकलं होतं. निरवांगीच्या निळ्या ठिपक्यांत मधूनच काही जांभळे होते, आणि त्यातला एक धाकटीच्या मळ्यावर होता. हे काय म्हणून मी शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "ती खास घरं गं. त्यांना समदं आधी द्यायचं असतंय." खास! म्हणजे आकाशातून काढलेल्या नकाशातसुद्धा हिला वेगळा रंग! आमच्यात कुणी जांभळी असलीच, तर ती ढिगाखाली दबून गेलेली. आम्ही सगळ्या निळ्या, त्याही एकीवर एक, आणि ही मळ्यात एकटी जांभळी.

महिनाभर धुमसत राहिले आणि मग मी निरवांगीला निघाले. कशाला, तर भांडायला. बारामतीच्या स्टँडवर गाडी बदलली आणि वाटेत सगळं बोलणं मनात जुळवून ठेवलं. म्हणणार होते, तुला नदी मिळाली, मळा मिळाला, आईच्या तोंडचं कौतुक मिळालं, ही एक खोली मला सोड. तू अध्यक्ष आहेस, तुझ्या बायकांना सांग की आम्हाला नको. फाट्यावर उतरून मळ्याकडं चालताना तिच्या उसाकडं बघून माझा आवेश आणखी वाढला.

मळ्यात शिरले तर आधी दिसला शर्ट. पुरुषाचा, चौकड्याचा, दोरीवर वाळत घातलेला. नुकताच पिळला असावा, खाली थेंब गळत होते. दारात पुरुषाच्या चपला. माझ्या डोक्यात काय आलं ते लिहीत नाही, तुमच्याही तेच आलं असेल. म्हटलं, वा गं बाई! आणि खरं सांगते, त्यातही मी जळलेच.

अंगणात एक पांढरी जीप उभी होती. ओसरीवर खुर्च्या टाकून दोन माणसं बसलेली, कडक इस्त्रीची. मला पहिल्यांदा वाटलं, बघा, कशी माणसं येतात हिच्याकडं. आमच्या दारात वासरू चुकलं तरच कुणी येतं. पण धाकटी बसली नव्हती. दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

त्यातला एक गोड आवाजात बोलत होता. "ताई, आमी तुमच्या भल्याचंच सांगतोय. घरात कर्ता पुरुष न्हाय. लेक शिकायला भाईर. विहीर चांगली बांधीव हाय, पाणी बारमाही. पर एकट्या बाईला एवढं रान कसं झेपायचं? आज ना उद्या इकायचंच हाय, मग आमाला द्या की."

"मला इकायचं न्हाय," धाकटी म्हणाली. "कितींदा सांगू तुमाला?"

"विचार करा. आमी येतो परत." असं म्हणून तो उठला आणि मला बघून विचारतो, "ह्या कोण?"

"मी थोरली भन तिची," मी म्हणाले. "आन तुमी कोण? आधी ती गाडी काडा दारातनं. बोलायचं ते रस्त्यावर जाऊन बोला."

गेले. जीप फाट्याकडं वळेपर्यंत धाकटी तशीच उभी होती. मग ओसरीवर मटकन बसली. मी विचारलं, "त्यांना एवढं समदं ठाव कसं? पावणं हायत का कुणाचं?"

तिनं मोबाइल काढला. बैठकीनंतर नकाशाची लिंक गटाच्या ग्रुपवर आली होती, मलाही आली होती. कुणीतरी कौतुकानं ती पुढं पाठवली, पुढच्यानं आणखी पुढं. तिनं नकाशा उघडला आणि तिच्या जांभळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. माहिती उघडली. विहीर बांधीव. पाणी बारमाही. एकल महिला. पती कोरोनात मयत. एक मुलगी, शिक्षणासाठी बाहेरगावी. वर तिच्या दाराचा फोटो आणि खाली एक बटण, रस्ता दाखवा.

"हे बटण दाबलं की गाडी थेट दारात येती, आक्का. कुणाला पत्ता बी इचारावा लागत न्हाय."

ती एकेक सांगत गेली. रान घेणारे आले, ते परत परत येतात. अंगदुखी घालवणारी गादी विकणारा आला, त्याला माहीत होतं की घरात एकटीच आहे. विमावाला आला. एक जण तर स्थळ घेऊन आला, दोन पोरांचा बाप, म्हणाला रान सांभाळायला त्याला जमतंय. "मदत आली न्हाय अजून," ती म्हणाली. "बाकी समदे आले."

मी दोरीवरच्या शर्टाकडं बघितलं. तिनंही बघितलं.

"ह्यांचा हाय. रोज सकाळी भिजवून घालती. वाळला की परत भिजवती. लांबनं बघणाऱ्याला वाटलं पायजे, घरात माणूस हाय."

दारात शिरताना मला जे वाटलं होतं ते मी तिला सांगितलं नाही. कधी सांगणारही नाही.

"मला वाटलं, जांभळं म्हंजी तुला मान दिलाय," मी म्हणाले.

ती हसली. ते हसणं मला हॉलमधल्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. मग म्हणाली, "तुझा ठिपका कुठं हाय गं?"

"टेकाडावर. समद्यांच्यात."

"दाव."

मी तिच्या मोबाइलवर आमचा ढीग शोधला आणि त्यावर बोट ठेवलं. शेजारणीची विहीर उघडली. पुन्हा ठेवलं, पलीकडच्या मळ्यातली उघडली. पुन्हा ठेवलं तर तिसरीच. माझी काही केल्या वर येईना.

"सापडतच न्हाईस की तू," धाकटी म्हणाली. मोबाइल तिनं हातातच धरून ठेवला होता, त्या ढिगाकडं बघत होती. "लई भाग्याची हायस, आक्का. माझी बी विहीर टाक की तितं. तुमच्यात."

उभ्या जन्मात माझी धाकटी बहीण माझ्यावर पहिल्यांदा जळत होती. मला आनंद व्हायला पाहिजे होता. किती वर्षं वाट बघितली होती मी त्याची! पण एसटीत जुळवून आणलेलं सगळं बोलणं माझ्या तोंडातच राहिलं. ती चहा ठेवायला आत गेली आणि मी उठून शर्ट बघितला. तो सुकत आला होता. मी तो पुन्हा बादलीत बुचकळला आणि दोरीवर टाकला.

परतताना मला रडू आलं नाही, राग आला. त्या जीपवाल्यांचा आला, नकाशाचा आला, आणि धाकटीचापण आला. एवढं होईपर्यंत मला एक फोन करता येत नव्हता का हिला? नंतर आठवलं, केला असता तरी लागला नसता. मी टेकाडावर कुठं बसले होते!

वस्तीवर आल्यावर आम्ही सगळ्या विहिरी पुन्हा टाकल्या. या वेळी प्रत्येक विहिरीच्या काठावर उभं राहून ठिपका धरला आणि मग टेकाडावर जाऊन पाठवला. घरात कोण आहे, कोण नाही, हे जिथं विचारलं होतं ती जागा मी मोकळी सोडली आणि बाकीच्यांनाही सोडायला लावली. का म्हणून विचारलं तर सांगितलं, "जीप यायला पायजे का दारात? मग ऱ्हाऊ दे मोकळं."

पुन्हा तोच हॉल, तोच पडदा. या वेळी आमची वस्ती नकाशात भरून आली होती. टेकाड मोकळं, आणि विहिरी जिथल्या तिथं. लिंबाच्या खालच्या अंगाला माझा ठिपका, माझ्या रानात. मला तो बघून बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं. मॅडम म्हणाल्या की आता दोन्हीकडची पारडी जवळजवळ सारखी आहेत, फक्त प्राधान्याची घरं निरवांगीत जास्त दिसतात, त्यामुळं जरासा कल तिकडं आहे. प्राधान्याची म्हणजे तीच, जांभळी.

मी उभी राहिले. "मॅडम, खोली ऱ्हाऊ द्या बाजूला. आधी ती जांभळी पुसा."

निरवांगीच्या रांगेतून एक बाई मोठ्यानं म्हणाली, "वा! जांभळी पुसली की आमचं पारडं हलकं, म्हणून बोलती व्हय? भनीवर जळती ती. समद्यांना ठाव हाय."

जळते हे खरं. जांभळी पुसली तर खोली आमच्याकडं यायची, हेही खरं. मी तिच्यासाठी उभी होते की खोलीसाठी, हे त्या वेळी मला कुणी म्हसोबाची शपथ घालून विचारलं असतं, तरी सांगता आलं नसतं. सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. धाकटीपण वळून बघत होती.

"व्हय, जळते," मी म्हणाले. "चांगली जळते. पर जळायला ती तितं ऱ्हायला पायजे का नको? रान इकून गेली ती, तर मी कुणावर जळू?"

कुणी हसलं नाही. मी रेटून बोलले. "विहीर दावा, रस्ता दावा, वरनं जे दिसतंय ते समदं दावा. आमचंच भलं हाय त्यात, मला काय कळत न्हाय व्हय? पर घरात कोण मेलंय ते कशाला दावता? ते वरनं दिसत न्हवतं. ते आमीच सांगितलं, तुमच्यावर इस्वास ठेवून."

मग धाकटी उठली. जीप, गादीवाला, स्थळ, सगळं सांगितलं. शर्टाचं सांगितलं नाही. तिच्या मागून निरवांगीची आणखी एक उठली, मग आणखी एक. त्यांच्याही दारात तीच जीप येऊन गेली होती. मघाशी मला बोललेली बाई खाली मान घालून बसली.

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी कारणं दिली नाहीत, हे मला आवडलं. मदत बरोबर त्याच घरी पोचावी म्हणून आम्ही ही माहिती टाकली, त्याच रस्त्यानं दुसरंही कुणी पोचेल हे आमच्या ध्यानात आलं नाही, असं म्हणाल्या. तिथल्या तिथं त्यांनी लिंक बंद केली. घरातल्या माणसांची माहिती आता नकाशावर राहणार नाही. ज्यांना हवी त्यांची कार्यालयात वेगळी ठेवू, ज्यांना नको त्यांची पुसू, ज्याला त्याला विचारून, असं त्यांनी सांगितलं. मग धाकटीला विचारलं, "तुमची ठेवू का? ठेवली तर तुमच्या गावाचं पारडं जड राहील."

"पुसा," धाकटी म्हणाली. बाकीच्या दोघीही तेच म्हणाल्या.

खोली आमच्या वस्तीला मिळाली.

वस्तीत पेढे वाटले, म्हसोबाला नारळ फुटला. मालक म्हणाले, "झालं का मनासारखं?" मी पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात दिला. जन्मात पहिल्यांदा मी धाकटीकडून काहीतरी जिंकले, आणि तेही कसं, तर तिनं 'पुसा' म्हटलं म्हणून. निदान हे एक तरी मला माझं मी जिंकू द्यायचं होतं! त्यातही ही पुढंच.

खोली सुरू व्हायच्या दिवशी ती आली. हातात पिशवी आणि टेम्पोत ढोबळीचं एक क्रेट, नवरा दिवाळीला पाठवायचा तसं. खोलीत पहिलं क्रेट आम्ही तेच ठेवलं. आत गार हवा लागली तशी ती म्हणाली, "आक्का, झकास झालीय गं तुमची खोली," आणि मला दिसलं की ती जळतेय. थोडीशीच, पण जळत होती. मी दार जरा जास्त वेळ उघडं ठेवलं.

जेवायच्या वेळी तिनं पिशवीतून पातेलं काढलं. मला आवडते म्हणून भरली वांगी करून आणली होती, माझ्याच वांग्याच्या गावात. मी विचारलं, "जीप येती का अजून?"

"न्हाय. आली तशी आमी समद्याजणी दारात जमलो, मग थांबली."

"आन शर्ट?"

"बोहारणीला दिला."

"काय आलं त्याचं?"

तिनं पातेल्याकडं बोट केलं. मी उचलून बघितलं. जाड बुडाचं, वजनदार, काठ एकसारखा. एका शर्टावर असलं पातेलं? मला त्याच बोहारणीनं गाठोडंभर कपड्यांवर एक चाळणी दिली होती, तीही वाकडी. माझ्या पोटात अशी कळ उठली की विचारू नका.

"मला दे की हे," मी म्हणाले. "तुझ्याकडं काय कमी हायत व्हय पातेली?"

"न्हाय द्यायची," धाकटी म्हणाली. "ह्यांच्या शर्टाचं हाय."

मी वांगी दुसऱ्या भांड्यात काढून घेतली. पातेलं राखेनं घासलं, पदरानं कोरडं केलं आणि तिच्या पिशवीत ठेवलं.

पण पातेलं चांगलंच होतं, त्यात खोटं काही नाही.